कंडक्टर पडत का नाही?

एसटीतून उभ्याने प्रवास केलेल्या कुणालाही हे दृश्य नवीन नाही. गाडी खच्चून भरलेली, रस्ता घाटाचा, आणि ड्रायव्हरने मध्येच कचकन ब्रेक दाबला. दांडीला दोन्ही हातांनी लोंबकळणारे आपण शेजाऱ्याच्या अंगावर जातो, डबा एकीकडे, पिशवी दुसरीकडे. कंडक्टर मात्र तसाच उभा. एका हातात तिकिटाचे यंत्र, दुसऱ्यात सुट्टे पैसे, काखेत चामडी बॅग. दांडी धरायला त्याच्याकडे तिसरा हातच नाही. तरी तो पडत नाही, वर आपल्यालाच ‘पुढे सरका’ म्हणून दटावतो.

त्याचे गुपित गुडघ्यांत असते. पाय जरा फाकलेले, गुडघे सैल. गाडीचा पत्रा पायाखाली उडतो, मागेपुढे होतो. पाय त्याच्याबरोबर जातात, पण कमरेच्या वरचा कंडक्टर जवळजवळ जागेवरच राहतो. मधला फरक गुडघे गिळून टाकतात. नवखा माणूस नेमके उलटे करतो. भीतीने पाय ताठ करतो, आणि पायाखालचा प्रत्येक हिसका थेट डोक्यापर्यंत नेतो.

भूकंपात इमारतीचे हेच होते. शतकानुशतके आपण इमारतीला ताठ उभे राहायला शिकवले. गेल्या पन्नासेक वर्षांत काही अभियंत्यांनी तिला गुडघे द्यायचे ठरवले.

माळवदाचे वजन

भूकंप इमारतीला ढकलतो असे आपण म्हणतो खरे, पण ढकलणारे हात कुठे असतात? वाऱ्यासारखे बाहेरून काही येऊन आदळत नाही. हलते ती जमीन. पाया जमिनीला बांधलेला, म्हणून तो तिच्याबरोबर सरकतो. वरचे छप्पर मात्र स्थिर होते आणि त्याला स्थिरच राहायचे असते. पाया डावीकडे गेला, छप्पर मागे राहिले, की मधल्या भिंती तिरक्या होतात. त्या सावरेपर्यंत जमीन उजवीकडे वळलेली असते. भिंतींवर येणारा सगळा ताण या ओढाताणीचा. आणि छप्पर जितके जड, तितकी ओढ मोठी.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीत हे फार क्रूरपणे दिसले. लातूर-उस्मानाबादच्या त्या गावांमधली घरे माळवदाची. ऊन आत येऊ नये म्हणून छतावर मातीचा जाड थर आणि दरसाल पावसाळ्यापूर्वी त्यावर आणखी थोडी माती. दीड फूट माती म्हणजे दर चौरस मीटरला पाऊण टन. दहा बाय बाराच्या खोलीवर आठ टनांहून जास्त, म्हणजे भरलेला मालट्रकच डोक्यावर उभा केल्यासारखे. खाली अडीच-तीन फूट जाडीच्या भिंती, पण गोल दगडांच्या आणि मातीने लिंपलेल्या. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, हा समज त्या रात्री हजारो माणसांच्या जिवावर बेतला. त्या भिंती एकसंध नव्हत्याच. आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन पदर, मध्ये भर. हिसका बसताच पदर सुटले.

भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती. जपानमध्ये एवढ्या भूकंपाने पुष्कळदा एकही घर पडत नाही.

कुलूप आणि सुतळी

वजनाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे लय. ती सांगण्याऐवजी हातात घेऊन पाहिलेली बरी.

*चौकट: घरी करून पाहा*

*एक छोटे कुलूप हातभर सुतळीला बांधा. सुतळीचे वरचे टोक धरून हात अगदी हळू डावीकडे-उजवीकडे न्या. कुलूप मुकाट्याने हाताबरोबर जाईल. आता हात खूप भरभर, थरथरल्यासारखा हलवा. वरची सुतळी थरथरेल, खाली कुलूप मात्र जवळपास स्थिर राहील. आता मधली एक गती शोधा. कुलपाचा स्वतःचा झोका ज्या वेळात पुरा होतो, त्याच तालावर हात हलवा. हात इंचभर हलत असेल, पण कुलूप फूटभर झोके घेऊ लागेल. मग सुतळी चार बोटांची करा आणि पुन्हा हात भरभर हलवा. मघाशी स्थिर राहिलेले कुलूप आता उसळ्या घेते.*

प्रत्येक इमारतीची अशी एक सुतळी असते. इमारतीला एकदा ढकलून सोडून दिले तर ती स्वतःच्या लयीत डुलते. एक हेलकावा पुरा व्हायला लागणारा वेळ म्हणजे तिचा आवर्तनकाळ. अभियंते तोंडी हिशेबात मजल्यांना दहाने भागतात. तीन मजल्यांची इमारत सुमारे ०.३ सेकंद, दहा मजल्यांची सुमारे एक सेकंद. घर बुटके आणि ताठ असेल तर सुतळी आखूड, मनोरा उंच असेल तर लांब.

कठीण जमिनीवर भूकंपाचा हात भरभर हलतो, सेकंदाला दोन-चार ते दहा वेळा. म्हणून तिथे आखूड सुतळीच्या बुटक्या, ताठ इमारतींना सगळ्यात जास्त मार बसतो. मऊ जमिनीवर गणित उलटते. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला. तिथून साडेतीनशेहून जास्त किलोमीटर दूर असलेली मेक्सिको सिटी मात्र उद्ध्वस्त झाली. शहराचा मोठा भाग जुन्या, बुजलेल्या सरोवराच्या चिखलावर बसला आहे, आणि तो चिखल दोन सेकंदांच्या संथ लयीत थुलथुलला. त्या लयीला जुळणाऱ्या मध्यम उंचीच्या इमारती, साधारण सहा ते पंधरा मजल्यांच्या, एकामागून एक बसल्या. शेजारची बुटकी जुनी घरे आणि काही उंच मनोरे मात्र उभे राहिले.

म्हणजे इमारतीची सुतळी आपल्याला हवी तितकी लांब करता आली, तर भूकंपाच्या भरभर हलणाऱ्या हाताखाली ती त्या कुलपासारखी शांत राहील. युक्ती इतकीच आहे. पुढचे सगळे ती अमलात आणण्याचे कष्ट.

माणसे वाचली, इमारत गेली

पण आधी रूढ पद्धतीवर अन्याय नको. आजच्या चांगल्या काँक्रीट इमारती फक्त ताठपणावर उभ्या नसतात. खडू आणि तार आठवा. खडू वाकवला की काही कळायच्या आत तुटतो; तार वाकते, वाकडी होते, पण तुटत नाही. काँक्रीट हा खडू, आतली सळई ही तार. दोन्ही नीट बांधले तर भूकंपात बीमची टोके आधी वाकतात, तडकतात आणि त्या वाकण्यात भूकंपाची ऊर्जा खर्ची पडते. कॉलम उभे राहतात, माणसे जिन्याने बाहेर पडतात. जगभरच्या बांधकाम-संहितांचा आधार हाच आहे: मोठ्या भूकंपात इमारत मोडली तरी चालेल, पडता कामा नये.

या सौद्याची किंमत न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला कळली. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात तिथे १८५ माणसे गेली. पण त्यानंतरच्या काही वर्षांत शहराच्या मध्यभागातल्या हजारांहून अधिक इमारती पाडाव्या लागल्या. त्यातल्या कितीतरी नियमाप्रमाणे बांधलेल्या आणि नियमाप्रमाणे वागलेल्या होत्या. त्या पडल्या नव्हत्या, पण इतक्या वाकल्या होत्या की दुरुस्तीपेक्षा पाडणे स्वस्त. शहराचा गाभा वर्षानुवर्षे तारेच्या कुंपणाआड राहिला.

मग उपाय काय, आणखी मजबूत बांधायचे? तेही करून झाले आहे. लॉस एंजलिसजवळचे ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय १९७१ च्या भूकंपात नवेकोरे असताना मोडले. दुसऱ्यांदा बांधताना कुणी हात आखडता घेतला नाही. पोलाद आणि काँक्रीटच्या जाड भिंतींचा किल्लाच उभा राहिला. १७ जानेवारी १९९४ ला नॉर्थरिजचा भूकंप आला. किल्ला ढळला नाही. पण जमिनीच्या हादऱ्याच्या अडीचपट हादरा गच्चीवर पोचला. आतले पाण्याचे नळ फुटले, आग विझवण्याच्या फवाऱ्यांनी मजले भिजवले आणि रुग्णांना बाहेर हलवावे लागले. नेमकी गरज होती त्या दिवशी रुग्णालय बंद. ताठ पायांचा प्रवासी पडला नाही, पण डोके गरगरले.

त्याच भूकंपात लॉस एंजलिसमधले दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रुग्णालय चालू राहिले. ते केंद्रापासून जास्त दूर होते हे खरे. पण तिथेही जमीन जोरात हलली होती. गच्चीवर पोचलेला हादरा मात्र बाहेरच्या जमिनीच्या निम्म्याहून कमी होता. हादरा वर जाताना वाढण्याऐवजी घटला. हे रुग्णालय १९९१ मध्ये उघडले तेव्हापासून १४९ रबरी गुडघ्यांवर उभे होते.

तोफगोळ्यांवरचे घर

कल्पना जुनी आहे. जॉन मिल्न हा इंग्रज १८८० च्या दशकात टोकियोत शिकवत असे. भूकंपमापनाचा पाया घालणाऱ्यांपैकी तो एक. त्याने एक लहानसे घर बांधून ते दहा इंची लोखंडी गोळ्यांवर ठेवले. गोळे वरखाली तबकड्यांमध्ये. जमीन सरकली तर गोळे फिरतील, घर जागेवर राहील. हिशेब बरोबर होता. विसरला तो वारा. जरा जोराचा वारा आला की घर चालायला लागे. मिल्नने गोळे लहान केले, आणखी लहान केले आणि शेवटी पाव इंची छर्ऱ्यांवर आला. तेव्हा कुठे घर वाऱ्यात स्वस्थ बसले. मला ही गोष्ट फार आवडते, कारण इमारतीच्या गुडघ्यांकडून काय काय हवे याची सगळी यादी तिच्यातच आहे. वजन उचलले पाहिजे, वाऱ्यात घट्ट राहिले पाहिजे, भूकंपात सैल पडले पाहिजे आणि हलणे संपल्यावर घर मूळ जागी आले पाहिजे.

लोखंडानंतर पाळी आली रबराची. १९६३ च्या भूकंपात तेव्हाच्या युगोस्लाव्हियातले स्कोप्ये शहर कोसळले. तिथे स्विस मदतीने एक शाळा बांधली गेली, आणि १९६९ मध्ये ती चक्क रबराच्या ठोकळ्यांवर बसवली. पण नुसत्या रबराचा ठोकळा वजनाखाली बाजूंनी फुगतो, जसा कणकेचा गोळा तळहाताखाली पसरतो. त्यावर बसलेली इमारत आडवी हलते तशी वरखालीही उसळते.

तोड निघाली ती पुलांच्या कामातून. पुण्या-मुंबईत एखाद्या उड्डाणपुलाखाली सिग्नलला थांबाल तेव्हा वर पाहा. खांबाचे डोके आणि पुलाचा गर्डर यांच्यामध्ये एक काळी, चपटी वडी दिसेल. उन्हाने पूल लांबतो, थंडीत आखडतो. त्याला सरकायला ती वडी जागा देते. वडी वरून अखंड रबराची वाटते, पण आत पोलादाचे पत्रे असतात. एक थर रबर, एक पत्रा, पुन्हा रबर, पुन्हा पत्रा, सगळे उष्णतेने आणि दाबाने एकमेकांना चिकटवलेले. रबराचा थर इतका पातळ, की त्याला बाजूने फुगायला वावच नाही. पत्रे त्याला धरून ठेवतात. म्हणून वरून ती दगडासारखी कडक. पण बाजूने ढकलली तर प्रत्येक थर जरासा तिरका होतो, आणि पत्त्यांचा कॅट तिरका करावा तशी सगळी चळत सरकते. उभ्या दिशेला आडव्यापेक्षा शेकडो पट कडकपणा, एकाच वस्तूत.

असे मोठे ठोकळे इमारतीच्या प्रत्येक कॉलमखाली बसवले की झाले बेस आयसोलेशन. इमारत पायापासून विलग, पण त्यावर टेकलेली. अर्ध्या सेकंदाची इमारत आता दोन-अडीच सेकंदांच्या लयीत डुलते. सुतळी लांब झाली.

तांबट आळीतले शास्त्र

मिल्नचा वारा मात्र अजून तिथेच आहे. रबर मऊ म्हणजे वाऱ्यातही मऊ. शिवाय रबर झोपाळ्यासारखे आहे. एकदा हलले की हलतच राहते. भूकंपाची ऊर्जा साठवून परत देते, खात नाही. दाराला डोअर क्लोजर नसला तर दार जसे मागेपुढे आपटत राहते, तसे. ऊर्जा खाणारे, म्हणजे हालचालीची उष्णता करून टाकणारे, काहीतरी हवे होते.

न्यूझीलंडच्या एका सरकारी प्रयोगशाळेत बिल रॉबिन्सन नावाचा पदार्थवैज्ञानिक १९७० च्या दशकात या प्रश्नामागे होता. धातू वाकवला की तो ऊर्जा खातो हे माहीत होते. लोखंडाची तार पाच-सात वेळा मागेपुढे वाकवून पाहा, वाकलेली जागा बोटाला गरम लागेल. पण आणखी पाच-सात वेळा वाकवली तर तार कडक होऊन तुटेल. भूकंपात असे वाकणे दहावीस वेळा होते आणि नंतरही धक्के येतच राहतात. एकदाच वाकणारा धातू काय कामाचा?

इथे पुण्याच्या तांबट आळीत गेले तर उलगडा होतो. ठोके देऊन देऊन तांबे कडक झाले की तांबट भांडे भट्टीत घालतो. तापल्यावर तांबे पुन्हा मऊ होते आणि ठोकायला तयार. होते काय, तर ठोक्यांनी धातूचे सूक्ष्म स्फटिक वेडेवाकडे होऊन एकमेकांत अडकतात. उष्णतेत ते नव्याने, नीटनेटके घडतात. प्रत्येक धातूचे नवे घडणे सुरू होण्याचे एक तापमान असते. तांब्याला भट्टी लागते. शिसे मात्र ३२७ अंशांनाच वितळणारे. त्याच्या दृष्टीने आपल्या खोलीची हवा हीच भट्टी. शिसे वाकवले की तिथल्या तिथे ते स्वतःला दुरुस्त करायला घेते. कितीही वेळा वाकवा, थकत नाही.

रॉबिन्सनने रबर-पोलादाच्या ठोकळ्याला मधोमध भोक पाडले आणि त्यात शिशाचा दांडा ठासून बसवला. एका दांड्याने दोन प्रश्न सुटले. लहान जोराला, म्हणजे वाऱ्याला, शिसे ताठ राहते. मिल्नचे घर आता चालत नाही. मोठा जोर आला की शिसे लोण्यासारखे वळते आणि प्रत्येक हेलकाव्यात ऊर्जा खाऊन गरम होते. थांबल्यावर भोवतीचे रबर इमारतीला ओढून मूळ जागी आणते. १९८१ मध्ये वेलिंग्टनची विल्यम क्लेटन बिल्डिंग अशा ठोकळ्यांवर उभी राहिली, जगातली पहिली. आत एकही फिरणारा भाग नाही, वीज नाही, सेन्सर नाही. तळघरात वर्षानुवर्षे काहीही न करता बसून राहणे एवढेच त्याचे काम. भूकंप आला त्या मिनिटाचा अपवाद.

कढईतली गोटी

दुसरी शाखा कॅलिफोर्नियात फुटली. कढईत गोटी सोडा. ती खाली जाते, समोर चढते, परत येते आणि तळाशी थांबते. व्हिक्टर झायस या अभियंत्याने १९८० च्या दशकात कॉलमखाली अशीच पोलादी, गुळगुळीत कढई ठेवली आणि तिच्यात घसरणारी एक गुंडी. जमीन सरकली की कढई सरकते, गुंडी तिच्या उतारावर चढते, म्हणजे इमारत किंचित उचलली जाते; मग तिचेच वजन तिला तळाशी परत आणते. घासण्यात ऊर्जा जाते.

यातली मौज अशी, की झोक्याची लय इमारतीच्या वजनावर अवलंबूनच नसते. ती ठरते फक्त कढईच्या वळणावर. एक मीटर त्रिज्येच्या वळणाला दोन सेकंद, सव्वादोन मीटरला तीन. एक मीटर सुतळीला टांगलेले कुलूपही दोनच सेकंद घेते. कढई म्हणजे उलटी धरलेली सुतळीच. त्यामुळे गोदाम भरलेले असो वा रिकामे, वागणूक तीच. सॅन फ्रान्सिस्को विमानतळाचे आंतरराष्ट्रीय टर्मिनल अशा २६७ कढयांवर बसले आहे.

भुजमधले तळघर

२६ जानेवारी २००१ ला सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छ हादरले. गुजरातभर १३ हजारांहून अधिक माणसे गेली. भुजचे जिल्हा रुग्णालय रुग्ण, डॉक्टर, परिचारिकांसह कोसळले, आणि ढिगाऱ्यातून काढलेल्या जखमींवर उघड्या मैदानात, तंबूत उपचार करावे लागले. ते रुग्णालय पंतप्रधान मदत निधीतून पुन्हा बांधताना रॉबिन्सनच्याच धर्तीचे शिसे-रबरी ठोकळे न्यूझीलंडहून आणून खाली बसवले गेले. जानेवारी २००४ मध्ये अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते ते सुरू झाले. भारतात या पद्धतीने उभे राहिलेले हे पहिले मोठे रुग्णालय. आपल्याकडे हे तंत्र अगदीच अनोळखी आहे असेही नाही. आयआयटी गुवाहाटीच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साहाय्याने तीन मजली जुळ्या इमारती उभ्या आहेत, एक साधी आणि एक ठोकळ्यांवर, म्हणजे ईशान्येतला खरा भूकंप येईल तेव्हा शेजारी-शेजारी तुलना करता यावी.

रुग्णालयाला हा मान आधी का? घर मोडले तर माणूस मांडवात राहील. पण शस्त्रक्रियेची खोली, रक्तपेढी, प्राणवायूच्या नळ्या, जनरेटर यांना मांडव चालत नाही. जपानच्या इशिनोमाकी शहरातले रेड क्रॉस रुग्णालय २००६ मध्ये किनाऱ्यापासून आत हलवून अशा ठोकळ्यांवर, म्हणजे आयसोलेटरांवर, बांधले होते. ११ मार्च २०११ चा महाभूकंप आणि त्सुनामी यांनंतर त्या भागात चालू राहिलेले ते एकमेव मोठे रुग्णालय. तुर्कस्तानने २०१३ मध्ये नियमच केला: भूकंपाच्या धोक्याच्या प्रदेशात शंभर खाटांहून मोठे नवे रुग्णालय आयसोलेटरांवरच. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपांत तिथे पन्नास हजारांहून जास्त लोक मेले, इस्केंदेरूनच्या जुन्या सरकारी रुग्णालयाचा एक भाग कोसळला. अदानासारख्या ठिकाणची आयसोलेटरांवरची रुग्णालये मात्र चालत राहिली.

गुडघ्यांना वाकायला जागा लागते, ही बाब आपल्याकडे विसरली जाण्याचा मला सर्वांत जास्त धाक वाटतो. अशी इमारत मोठ्या भूकंपात फूट-दीड फूट, कधी त्याहून जास्त बाजूला सरकते. म्हणून तिच्याभोवती मोकळा खंदक ठेवतात. वर झाकण असते, पण तेही सरकणारे. पाण्याचे, सांडपाण्याचे, वायूचे नळ त्या फटीवरून जाताना लवचीक वळणे घेऊन जातात. लिफ्टचा खड्डा वरून टांगलेला असतो. आता कल्पना करा, दहा वर्षांनी कुणीतरी त्या खंदकात भर घालून मोटारसायकली लावल्या, किंवा फटीवर सिमेंट ओतून रॅम्प केला. इमारत सरकेल, रॅम्पवर आदळेल आणि ठोकळ्यांचा सगळा खर्च पाण्यात.

जिथे ठोकळे चालत नाहीत

मेक्सिको सिटीच्या चिखलावर हे तंत्र उलटेच पडेल. जमीन दोन सेकंदांच्या लयीत हलत असताना इमारतीची सुतळी मुद्दाम तेवढीच लांब करणे म्हणजे आपणहून पाळण्याला धक्का देणे. उंच मनोऱ्यांची सुतळी मुळातच लांब असते, त्यांना ठोकळ्यांचा फारसा फायदा नाही. पण त्यांचा धोका वेगळाच. जपानच्या २०११ च्या त्या भूकंपाचे केंद्र ओसाकापासून सुमारे ७७० किलोमीटर दूर होते. तरी तिथली २५६ मीटर उंचीची साकिशिमा इमारत दहाएक मिनिटे डुलत राहिली, माथा दोन्हीकडे सव्वा मीटरहून जास्त. वाटेत भरभर लाटा विरून गेल्या होत्या, संथ तेवढ्या पोचल्या आणि नेमकी इमारतीची लय गाठली.

अशा ठिकाणी गुडघ्यांऐवजी डॅम्पर बसवतात. बुलेटच्या मागच्या चाकाचा शॉक ॲब्सॉर्बर आठवा. सिलिंडरमध्ये दाट तेल, त्यात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोके. हळू दाबले तर सहज जातो, झटक्याने दाबले तर तेल अडते आणि तापते. मेक्सिको सिटीतच, त्याच बदनाम जमिनीवर, ५५ मजल्यांचा तोरे मायोर मनोरा नव्वदहून अधिक अशा प्रचंड डॅम्परांवर भरवसा ठेवून उभा आहे. तैवानच्या तैपेई १०१ मध्ये ६६० टनांचा पोलादी गोळा वरच्या मजल्यांमध्ये दोरखंडांना टांगला आहे. मनोरा एकीकडे झुकला की गोळा मागे रेंगाळतो आणि त्याला उलटा खेचतो. पर्यटक त्याचीच छायाचित्रे काढतात. खरे तर तो मुख्यतः वादळवाऱ्यासाठी आहे. भूकंपाचा भार बराचसा मनोऱ्याचा सांगाडाच सोसतो.

जपानी अभियंत्यांचा आणखी एक शोध मला या सगळ्यांत चतुर वाटतो. खराट्याचा हीर दोन्ही टोकांना धरून ओढला तर दम धरतो, दाबला तर लगेच मधून वाकतो. इमारतीतल्या तिरक्या पोलादी पट्ट्यांचेही तसेच. या अभियंत्यांनी ती पट्टी काँक्रीट भरलेल्या नळीत घातली, पण काँक्रीटला चिकटू दिली नाही. आता ओढताना पट्टी लांबते, दाबताना वाकायला जागा नसल्याने आखडते. दोन्ही वेळी सारखीच ऊर्जा खाते. भूकंपानंतर पट्टी बदलायची, इमारत तीच.

आपल्या सोसायटीचे काय?

बहुतेक वाचकांच्या इमारतीखाली शिशाचा दांडा येणार नाही. यायलाही नको, चार-पाच मजली साध्या इमारतीत तोच पैसा आधी दुसरीकडे लागला पाहिजे. २००१ मध्ये अहमदाबाद केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर होते, तरी तिथल्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या पुष्कळांची घडण आपल्या ओळखीची: वर भिंतींनी भरलेले मजले, खाली नुसत्या कॉलमांवरचे पार्किंग. वरचे सगळे मजले एक ताठ पेटी, खालचा मजला काटकुळ्या पायांचा. हलण्याचा सारा भार त्या एकाच मजल्यावर येतो. इथेही इमारतीला गुडघे आहेतच, पण त्यांत शिसे नाही, रबर नाही. ते एकदाच वाकतात.

पार्किंगमध्ये काही ठिकाणी पायापासून वरपर्यंत काँक्रीटच्या भिंती घातल्या तर हा दोष बराच कमी होतो. जुन्या इमारतीतही त्या घालता येतात. दगडविटांच्या घराला लिंटेलच्या पातळीवर सलग काँक्रीटचा पट्टा, पेटीला बांधलेल्या दोरीसारखा, एवढ्यानेही भिंती एकमेकींना धरून राहतात. किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात तो मराठवाड्यात गावोगाव पोचला.

नवी इमारत बांधून घेत असाल तर कॉलममध्ये काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी साइटवर एक चक्कर मारा. उभ्या सळयांभोवती फिटरने बांधलेल्या रिंगा पाहा. रिंगेचे टोक नव्वद अंशांत वळवून बाहेरच्या कडेलाच सोडलेले असेल, तर वरचे काँक्रीट सुटताच रिंग उघडेल आणि उभ्या सळया बाहेर फुगतील. भारतीय मानकाप्रमाणे ते टोक १३५ अंशांत वळून कॉलमच्या पोटात गेलेले हवे. वाकवायला फिटरला रिंगेमागे काही सेकंद जास्त लागतात, आणि काँक्रीट ओतल्यानंतर ते पुन्हा कुणालाच दिसत नाही.